चंचल मुले, लहरी हिवाळा आणि भजनाचा पाठ



कार्तिकी आटोपली, आळंदीचा समाधिसोहळा पार पडला, की गावोगावच्या देवळांतून मुलांचे भजनाचे पाठ जोमाने सुरू होतात. नेमक्या याच दिवसांत शिकविणाऱ्यांची एक तक्रार आमच्या कानी येते: "महाराज, पोरं स्थिर बसतच नाहीत. दोघाचौघांना घरी पाठवल्याशिवाय पाठ चालायचा नाही." या शंकेचे समाधान करावे म्हणून हा लेख.

प्रथम हिवाळ्याचे रूप पाहा. उत्तरेकडचे कोरडे वारे सुटले की हुडहुडी भरते. आकाशात ढग आले की जमिनीची ऊब कोंडून राहते व रात्री थंडी नाहीशी होते. मध्येच अवकाळी पाऊसही येतो. २०१७ च्या डिसेंबरात ओखी वादळाने मुंबई-कोकण भिजविले. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक भागात गारा पडून द्राक्षबागा झोडपल्या गेल्या. अशा दिवसांत मुलांचे खेळ बंद होतात, झोप मोडते, नाक चोंदते. मग सायंकाळी देवळात आलेला मुलगा चुळबुळ करतो, यात नवल ते काय? दिवसभर कोंडलेले अंग वाट शोधीत असते.

आता पखवाजाकडे पाहा. हवा दमट झाली की कातडे सैल पडून स्वर उतरतो. कोरडी झाली की ताणून चढतो. वादक काय करतो? वाद्य फेकून देतो काय? नाही. वादीखालचे गठ्ठे ठोकून तो स्वर जुळवितो. डाव्या तोंडाची कणीक वाळली तर पाण्याचे बोट लावतो. कातड्याला आपण एवढी सवलत देतो, मग लेकरालाच का देऊ नये?

जुळवावे कसे? शास्त्रात स्थूलारुंधतीन्याय सांगितला आहे. अरुंधतीचा तारा बारीक. म्हणून आधी जवळचा ठळक तारा दाखवावा, दृष्टी तेथे ठरली की मग सूक्ष्माकडे न्यावी. मनाचेही तसेच. अमेरिकेतील मनोरोगवैद्य आयरा आल्टशूलर यांनी १९४८ साली संगीतोपचाराविषयी हेच तत्त्व मांडले: रोग्याची जी मनःस्थिती असेल तिच्याशी जुळणारे संगीत आधी द्यावे व हळूहळू इष्ट स्थितीकडे न्यावे. उड्या मारणाऱ्या मुलाला आरंभीच विलंबित चाल देणे म्हणजे त्याला एकदम अरुंधती दाखविणे होय.

कडक थंडीच्या दिवशी बोटे आखडलेली, गळा बसलेला असतो. तेव्हा पहिली दहा मिनिटे मुलांना उभे करावे. टाळ्या व पावली यांवर रामकृष्णहरी मंत्र जलद लयीत चालवावा. अंग तापले की बसवावे. पण गळा तापण्यापूर्वी वरच्या पट्टीत ओरडू देऊ नये. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवांनी तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त मंद्राचे स्थान हृदय, मध्याचे कंठ व ताराचे मस्तक सांगितले आहे. थंडीत पायरी हीच: आधी हृदय, मग कंठ, शेवटी मस्तक.

ढगाळ किंवा पावसाच्या दिवशी दारे-खिडक्या बंद असतात. वीस टाळांचा खणखणाट बंद जागेत कोंडला की काही मुले कान झाकतात, काही अधिकच उधळतात. त्या दिवशी टाळ दोन-तीन जोडच ठेवावे, इतरांनी हातांनी ताल धरावा. मुले पेंगत असतील तर प्रश्नोत्तरासारखे म्हणवून घ्यावे. एका ओळीने म्हणावे, दुसरीने झेलावे. पखवाज आधीच जुळवून ठेवावा. तो जुळेपर्यंत मुले ताटकळली की पाठ तेथेच मोडला म्हणून समजा.

सकाळी गारठा व दुपारी चटका, अशा दिवशी मुले दमलेली असूनही चिडचिडी असतात. त्या दिवशी पाठ लहान ठेवावा. अर्धा तास पुरे, परंतु नवा अभंग काढू नये. ओळखीच्या चालीतच मन लवकर विसावते.

लय केव्हा उतरवावी? सर्वांचे टाळ किंवा टाळ्या एकाच ठोक्यावर पडू लागल्या की समजावे, मने जुळली. मग भजनी ठेक्याच्या आठ मात्रा किंचित सैल कराव्या. घाई करू नये. शेवटी वीणेची तार एकदा छेडावी व सांगावे, "नाद पुरता विरेपर्यंत ऐका, मग हात वर करा." जो मुलगा घटकाभर बसत नव्हता तोच शेवटपर्यंत कान लावून राहतो. आमच्या पाहण्यात असा एक मुलगा आहे. त्याला काढून टाकावे असे सर्वांचे मत होते. त्याला टाळ मोजून देण्याघेण्याचे काम दिले, पावलीत पुढे उभे केले. आज तो लहान मुलांना ठेका धरून दाखवितो.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. भजन म्हणजे औषधाची बाटली नव्हे. ताप, खोकला, धाप असेल त्या मुलाला गाऊ देऊ नये. उबेत बसवावे, ऐकू द्यावे व वैद्यास दाखवावे. जो मुलगा सर्व ऋतूंत, घरी व शाळेतही स्थिर होत नाही, त्याच्या आईबापांना मायेने सांगून डॉक्टरांचा सल्ला घेण्यास लावावे. तो काही दोष नव्हे, लबाडीही नव्हे. उपचार चालू असतानाही त्याची भजनातली जागा राखून ठेवावी.

तात्पर्य, शिकविणाऱ्याने देवळात येताना आधी आभाळ पाहावे, मग मुलांचे चेहरे पाहावे आणि त्यानंतर लय ठरवावी. मूल लयीला येत नसेल तर लयीने मुलाकडे दोन पावले जावे. ज्याला आज घरी पाठवाल, तो उद्या दिंडीत दिसणार नाही. आणि ज्याला सांभाळून घ्याल, तोच तुमच्यामागे वीणा धरील.