रिकाम्या हातांनी गेलेला मिशनरी
(मिशन रविवारनिमित्त अभ्यासलेख: संत जोसेफ वाझ यांचे श्रीलंकेतील अनुभव)

ऑक्टोबर महिन्यातील शेवटून दुसरा रविवार जगभरची ख्रिस्तसभा 'मिशन रविवार' म्हणून साजरा करते. पोप अकरावे पायस यांनी १९२६ साली ही प्रथा सुरू केली. या दिवशी मिस्सेत मिशनकार्यासाठी खास प्रार्थना होते, दानाची थैली फिरते, आपण यथाशक्ती दान टाकतो. दान द्यायलाच हवे. पण 'मिशनरी' हा शब्द ऐकला की आजही आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते. लांब झगा, भरघोस दाढी, युरोपातून जहाजाने आलेला गोरा धर्मगुरू. तो देणारा आणि आपण घेणारे.

हे चित्र अपुरे आहे. आपल्या कोकणपट्टीतूनही माणसे सुवार्ता घेऊन परदेशी गेली आहेत. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना जपानी भाषा उत्तम येत असे. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे दुभाषी म्हणून ते जपानला गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर रक्तसाक्षी झाले. त्यानंतर बरोबर नव्वद वर्षांनी गोव्याचे एक धर्मगुरू समुद्र ओलांडून श्रीलंकेत, म्हणजे तेव्हाच्या सिलोनमध्ये उतरले. ते म्हणजे संत जोसेफ वाझ. त्यांनी गोव्यातील आपल्या बांधवांना पाठवलेली पत्रे आणि त्यांच्याच संघातील फादर सेबास्तियाव द रेगो यांनी लिहिलेले, १७४५ साली लिस्बनला छापलेले चरित्र, यांमुळे त्यांचे अनुभव आपल्यापर्यंत पोहोचले आहेत. परक्या मुलखात मिशनकार्य नेमके कशाच्या बळावर उभे राहते, हा प्रश्न मनात ठेवून आपण त्या अनुभवांकडे पाहू या.

१. धर्मगुरूंविना तीस वर्षे

सिलोनच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांची सत्ता होती, तोवर तिथे चर्च होती, धर्मगुरू होते. डचांनी १६५६ साली कोलंबो आणि १६५८ साली जाफना जिंकून घेतले आणि सारे पालटले. डच सत्ता प्रॉटेस्टंट होती. कॅथॉलिक धर्मगुरूंना देशाबाहेर काढण्यात आले, त्यांना आसरा देणे हा गुन्हा ठरला, चर्चच्या इमारती ताब्यात घेण्यात आल्या. पुढची सुमारे तीस वर्षे तिथल्या कॅथॉलिकांना मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याला अंतिम अभ्यंग नाही. एक अख्खी पिढी पवित्र कम्युनियनविना मोठी झाली. तरीही कित्येक घरांत जपमाळ चालू राहिली. आईने मुलीला शिकवली, मुलीने तिच्या लेकरांना शिकवली.

ही वार्ता गोव्यात फादर वाझ यांच्या कानी आली आणि त्यांना स्वस्थ बसवेना. २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावली येथे त्यांचा जन्म झाला होता. त्यांचे कुटुंब सांकवाळचे. १६७७ साली सांकवाळच्या चर्चमध्ये त्यांनी स्वतःला मरियामातेचा कायमचा दास म्हणून लेखी अर्पण केले होते. काही वर्षे त्यांनी कानडा प्रांतातील भाविकांची सेवा केली. गोव्यात परतल्यावर ते ओल्ड गोव्यातील स्थानिक धर्मगुरूंच्या ओरेटरी संघात सामील झाले आणि त्याचे प्रमुखही झाले. एतद्देशीय धर्मगुरूंना युरोपीय व्रतस्थ संघांचे दरवाजे त्या काळी बंद असत, हे लक्षात घेतले म्हणजे या लहानशा संघाचे मोल कळते. मान, आसरा, आपली माणसे असे सर्व काही आता त्यांच्यापाशी होते. ते सोडून १६८६ साली ते निघाले.

२. मजुराचा वेष आणि पेज

डचांच्या मुलखात धर्मगुरूचा झगा घालून जाणे शक्य नव्हते. फादर वाझ यांनी मजुराचा वेष घेतला. सोबत होता फक्त जॉन नावाचा त्यांचा विश्वासू सेवक. १६८७ साली तुतिकोरिनहून होडीने ते निघाले, वादळात सापडले आणि हाल सोसत जाफन्याला पोहोचले. पोहोचताच दोघांनाही अतिसाराने गाठले. परक्या गावात दोन आजारी भिकारी! लोकांनी त्यांना गावाबाहेर एका झोपडीत टाकले. चरित्रात नोंद आहे की एका बाईला त्यांची दया आली. ती त्यांना पेज आणून देत असे. त्या पेजेवर ते जगले.

बंधुभगिनींनो, येथे आपण क्षणभर थांबू या. श्रीलंकेतील ख्रिस्तसभेला नवजीवन देणाऱ्या या थोर संताच्या मिशनकार्याची सुरुवात अशी झाली. देणारा हात त्यांचा नव्हता, त्या बाईचा होता. प्रभू येशूने बहात्तर शिष्यांना पाठवताना थैली, झोळी किंवा पायतण घेऊ नका, ज्या घरी स्वीकार होईल तेथे पुढ्यात येईल ते खा, असे बजावले होते (लूक १०:१-११). आपण हे वचन त्यागाचा धडा म्हणून ऐकतो. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. रिकाम्या हातांनी जाणाऱ्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागते. मिशनरी हा आधी पाहुणा असतो.

थोडी शक्ती आल्यावर फादर वाझ यांच्यापुढे प्रश्न होता, कॅथॉलिक घरे ओळखायची कशी? उघड विचारावे तर पकडले जाण्याची भीती. त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि ते दारोदार भिक्षा मागत फिरू लागले. माणसे भिकाऱ्याकडे पाहत आणि नजर वळवीत. पण काहींची नजर त्या जपमाळेवर थबकली. शेवटी एका कुटुंबाने ओळख पटवून घेतली. भिकारी धर्मगुरू आहे हे कळल्यावर त्या घरात काय झाले असेल याची कल्पनाच केलेली बरी! जाफन्याजवळील सिल्लालाई या गावाने त्यांना लपवून ठेवले. दिवसा ते लपून राहत आणि रात्री घरोघरी मिस्सा, पापनिवेदन, बाप्तिस्मा होत असे.

यजमानांना त्याची किंमत मोजावी लागली. १६८९ च्या नाताळात जाफन्यात भाविक जमले असताना डच सैनिकांनी धाड घातली. फादर त्यांच्या हाती लागले नाहीत, पण अनेक कुटुंबप्रमुखांना पकडून कठोर शिक्षा देण्यात आल्या. या सामान्य प्रापंचिकांना कोणी संत घोषित केलेले नाही. त्यांच्या धैर्याविना मात्र संत जोसेफ वाझ यांचे कार्य दोन महिनेही टिकले नसते.

३. कैदेतील वर्षे

पुढे फादर वाझ डचांच्या हद्दीबाहेर, कँडीच्या बौद्ध राजाच्या मुलखात गेले. आधी पुत्तलम आणि मग १६९२ साली राजधानी कँडी. तेथेही स्वागत झाले ते साखळदंडांनी. राजदरबारातील एका फ्रेंच प्रॉटेस्टंट गृहस्थाने ते पोर्तुगीजांचे हेर असल्याचे राजाच्या कानी घातले आणि त्यांना कैदेत टाकण्यात आले.

बंदिवासात त्यांनी काय केले? त्यांनी सिंहली भाषा शिकून घेतली. पहारा सैल झाल्यावर आवारातच एक झोपडीवजा प्रार्थनाघर उभारले. कँडीतील कॅथॉलिक हळूहळू तेथे येऊ लागले. आपल्याला वाटते की मिशनरी म्हणजे सतत बोलणारा, शिकवणारा. परक्या देशातल्या मिशनरीची पहिली काही वर्षे मात्र ऐकण्यात आणि शिकण्यात जातात. लहान मुलासारखे बोबडे बोलावे लागते, चुकावे लागते, लोकांचे हसणे सोसावे लागते. येशूने स्वतःला रिकामे केले आणि दासाचे रूप घेतले, असे संत पौल म्हणतो (फिलिप्पै २:७). भाषा शिकणे हे रिकामे होण्याचेच एक रूप आहे.

पुढे कँडीत मोठा दुष्काळ पडला. परंपरा सांगते की राजाच्या विनंतीवरून फादर वाझ यांनी चौकात वेदी मांडली, क्रूस ठेवला, प्रार्थना केली आणि मुसळधार पाऊस आला. राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना मोकळे केले व आपल्या राज्यात फिरण्याची मुभा दिली. तो राजा शेवटपर्यंत निष्ठावान बौद्धच राहिला. एका ख्रिस्ती सत्तेने ज्यांचा छळ केला त्या कॅथॉलिकांना एका बौद्ध राजाने आसरा दिला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

४. देवीची साथ

१६९७ साली कँडीत देवीची साथ पसरली. रोग्यांना त्यांच्याच घरची माणसे रानात नेऊन सोडू लागली. राजाने आणि ज्यांना शक्य होते त्यांनी शहर सोडले. फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो मागे राहिले. त्यांनी ओस पडलेल्या घरांत रोग्यांना ठेवले, त्यांना अन्न भरवले, जखमा धुतल्या, मेलेल्यांना आपल्या हातांनी पुरले. रोगी ख्रिस्ती आहे की बौद्ध, हे त्यांनी विचारले नाही.

एकेकाळी हेर म्हणून बदनाम झालेल्या या परदेशी माणसाविषयीचा संशय कोणत्याही वादविवादाने फिटला नसता, तो या सेवेने फिटला. आज आपल्या देशातही 'मिशनरी' हा शब्द काहींना संशयास्पद वाटतो. त्याने आपण दुखावतो, कधी चिडतो, कधी घाबरून गप्प बसतो. संत जोसेफ वाझ यांचा अनुभव तिसरी वाट दाखवतो. शेजाऱ्याच्या घरी संकट आले की तेथे हजर राहायचे, संकट सरेपर्यंत थांबायचे आणि त्याचा हिशोब ठेवायचा नाही.

५. मागून येणाऱ्यांसाठी

गोव्याच्या ओरेटरीचे आणखी धर्मगुरू मदतीला येऊ लागले. दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस १७०५ साली आले. त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत इतके लेखन केले की श्रीलंकेतील कॅथॉलिक साहित्याचे ते जनक मानले जातात. गोव्याचे हे सुपुत्र पुढची सव्वाशेहून अधिक वर्षे सिलोनमध्ये राबत राहिले. त्यांच्या पाठीशी ना आरमार होते, ना खजिना.

१६ जानेवारी १७११ रोजी, वयाच्या साठीच्या उंबरठ्यावर, फादर वाझ कँडीत प्रभुवासी झाले. तेथेच त्यांना पुरण्यात आले, पण आज त्यांची कबर कोणालाही दाखवता येत नाही. ज्या मातीत ते पाहुणे म्हणून गेले, त्या मातीने त्यांना आपलेसे करून टाकले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी त्यांना धन्य घोषित केले आणि पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले. यादवी युद्धाच्या जखमा ओल्या असलेल्या त्या देशात, तमिळ आणि सिंहली अशा दोन्ही समाजांची सेवा केलेला हा संत धर्मभेदांपलीकडे जाऊन शांतीसाठी झटण्याचा आदर्श आहे, असे पोपमहोदयांनी आपल्या प्रवचनात सांगितले.

६. आपल्यासाठी बोध

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू या. परक्या मुलखात मिशनकार्य दोन गोष्टींवर उभे राहते. जाणारा रिकाम्या हातांनी जायला तयार हवा आणि तेथे कोणीतरी दार उघडणारे हवे.

आपल्या धर्मग्रामातील कित्येक घरांतील माणसे आज नोकरीसाठी आखाती देशांत, युरोपात, कॅनडात आहेत. ती पैशासाठी गेली आहेत आणि त्यात गैर काही नाही. पण खोलीत एकत्र बसून जपमाळ म्हणणारे चार कामगार, मालकिणीच्या आजारी आईची मायेने शुश्रूषा करणारी आपली लेक, हेही मिशनकार्यच आहे. फोनवर आपण त्यांना "पैसे पाठवलेस का?" असे विचारतो, तसे "मिस्सेला जायला मिळते का?" हेही विचारू या.

आणि आपण स्वतः यजमान आहोत. झारखंड, ओडिशा, छत्तीसगड येथून कामासाठी आलेली कॅथॉलिक मुलेमुली आपल्या भागात राहतात, बांधकामावर आणि आपल्याच घरांत राबतात. त्यांना आपली मराठी मिस्सा धड कळत नाही. ती चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतात आणि शेवटचा आशीर्वाद होताच निघून जातात. त्यांच्या गळ्यातही जपमाळ असते. जाफन्यात ज्या नजरेने भिकाऱ्याच्या गळ्यातील जपमाळ टिपली, ती नजर आपल्यापाशी आहे का? "मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतले" या अर्थाचे शब्द न्यायाच्या दिवशी ऐकायला मिळावेत असे वाटत असेल (मत्तय २५:३५), तर त्याची तयारी चर्चच्या मागच्या बाकापासून करता येईल.

चिंतनासाठी प्रश्न (कुटुंबात किंवा वाडीच्या प्रार्थनासभेत चर्चा करावी)

१. तीस वर्षे धर्मगुरू नसताना सिलोनच्या कुटुंबांनी श्रद्धा जपली. आपल्या घरी ती कोणत्या रोजच्या सवयीने जपली जाते?
२. आपल्या वाडीत परप्रांतातून आलेली किती कॅथॉलिक कुटुंबे वा तरुण आहेत? आपल्याला त्यांची नावे ठाऊक आहेत का?
३. येत्या नाताळात त्यांपैकी एकाला तरी आपण घरी जेवायला बोलावू शकतो का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू स्वतः आमच्यामध्ये पाहुणा म्हणून आलास. संत जोसेफ वाझ यांना तू परक्या देशी रिकाम्या हातांनी पाठवलेस आणि गरिबांच्या पेजेवर जगवलेस. परदेशी राबणाऱ्या आमच्या माणसांना सांभाळ. आमच्या दाराशी आलेल्या परक्याला ओळखणारी नजर आम्हांला दे. आमेन.