पोंगल होईपर्यंत फूल ठेवू नकोस

अगं, आधी तो एक्झॉस्टचा पंखा बंद कर, मग बोलू आपण.

खोलीत दिव्यांखाली रोपं वाढवायच्या तंबूतला दमटपणा वाढला की पंखा जोरात लावायचा, आतली दमट हवा बाहेर आणि बाहेरची कोरडी हवा आत, असं सगळीकडे सांगतात. सांगणारे बहुतेक हॉलंडात नाहीतर कॅनडात बसलेले असतात. त्यांच्या खिडकीबाहेर हिवाळ्यात खरोखरच कोरडी हवा असते. तुझ्या खिडकीबाहेर ऑक्टोबरातलं चेन्नई आहे. मी तिथे बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते, त्या गावात कोरडी हवा बाहेरून येत नाही. ती घरातच तयार करावी लागते.

थोडं गणित ऐक, कंटाळू नकोस. दमटपणाच्या मीटरवरचे टक्के घटकाभर विसर आणि ग्रॅम मोज. 30 अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅम बाष्प मावतं. बाहेर दमटपणा 80 टक्के, म्हणजे त्या हवेत 24 ग्रॅम आहेच. तू एसी लावून खोली 22 अंशांवर आणलीस. 22 अंशांच्या हवेत मावतं साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. मग पंख्याने जी हवा तू खेचून घेतेस, तिच्यातलं वरचं साडेचार ग्रॅम पाणी कुठे जाणार? तुझ्या तंबूच्या कापडावर, पानांवर, आणि नेमकं फुलात. पंखा जितका जोरात, तितकं जास्त पाणी तू स्वतःच्या हाताने आत ओढते आहेस.

त्या तंबूत स्ट्रॉबेरीच का लावलीस, असं मी विचारणार नाही. साताऱ्याकडच्या मुलीला शेवंती लाव म्हणून सांगून उपयोग नसतो. पण तुझ्या हे ध्यानात आलंय का, की महाबळेश्वरचं वेळापत्रक चेन्नईत नेमकं उलटं पडतं? आपल्याकडे पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो कोसळत असतो तेव्हा शेतात फळावरची स्ट्रॉबेरी नसतेच. सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस उलटला की बेडवर रोपं लागतात, आणि फूल उमलतं ते थंडीच्या कोरड्या हवेत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात लाल मातीइतकाच या कोरड्या थंडीचा वाटा आहे असं माझं मत. चेन्नईत वर्षाच्या पावसातला निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. वाईच्या नर्सरीतून तू आणलेली रोपं बिचारी पंचांग बघून फुलायला लागतात, आणि त्याच वेळी तुमच्याकडे आभाळ फाटतं.

फुलालाच एवढं जपायचं कारण ऐक. पान दमट हवेत फार तर मरगळतं. फुलाचं तसं नाही. स्ट्रॉबेरीच्या पिवळ्या मध्यभागात शेकडो बारीक कुक्षी असतात आणि फळावर दिसणारा प्रत्येक दाणा म्हणजे त्यातल्या एकेकीचं झालेलं लग्न. हवा फार दमट असली तर परागकोश नीट फुटत नाहीत, पराग गुठळ्या होऊन चिकटून बसतात. मग फळाची एक बाजू फुगते, दुसरी सुरकुतते, आणि तू खताला दोष देतेस. तंबूत मधमाशी नाही, म्हणजे मऊ ब्रश तुलाच फिरवायचा. तो फूल ओलसर असताना नको. दिवे लागून दोन-तीन तास झाले, फूल खडखडीत झालं, की फिरव.

दुसरा शत्रू करडी बुरशी. शास्त्रीय नाव बोट्रायटिस. ती लबाड असते. शिरते फुलातून, गप्प बसते, आणि फळ लाल व्हायला लागलं की राखाडी लव घेऊन वर येते. 15 ते 25 अंश तिला मानवतात, म्हणजे एसीच्या खोलीत तिची चैनच. फक्त तिला फुलावर काही तास सलग ओल हवी असते. ती ओल मिळू द्यायची नाही, एवढंच काय ते तुझं काम आहे. तिसरा शत्रू भुरी. तिला पाण्याचा थेंबही लागत नाही, दमट हवा पुरते. म्हणून वाळलेल्या पाकळ्या आणि खालची म्हातारी पानं रोज काढ, आणि एक छोटा पंखा पानांच्या मधून हवा खेळेल असा लाव. फुलांच्या तोंडावर मात्र नको. हा पंखा आतल्या आत हवा फिरवणारा, हं. बाहेर टाकणारा बंदच.

आता मीटर. तो दिव्याजवळ टांगला असशील तर आधी खाली घे, फुलांच्या उंचीला बांध. आणि तो खरं बोलतो का ते तपास. एका झाकणात मीठ घे, ओल्या वाळूइतकं भिजव, हवाबंद डब्यात मीटरच्या शेजारी ठेव आणि आठ-दहा तास उघडू नकोस. आत बरोबर 75 टक्के दिसायला हवेत. 69 दिसले तर तुझा मीटर सहाने कमी सांगतोय, तेवढे मनात मिळवत जा. स्वस्तातले मीटर असेच असतात.

दिवे चालू असताना 24 अंश आणि 60 ते 65 टक्के ठेव. खरी परीक्षा दिवे बंद झाल्यावर. 24 अंशांना 62 टक्के असलेली हवा, पाण्याचा एक थेंब न वाढता, 20 अंशांवर आली की 79 टक्के दाखवते आणि 18 वर आली की 90. त्यात दिव्याची उष्णता गेल्यामुळे एसीला काम उरत नाही, कॉम्प्रेसर थांबतो, आणि कॉम्प्रेसर थांबला की हवेतलं पाणी निघणंही थांबतं. तू सकाळी तंबू उघडतेस तेव्हा जो चिकट वास येतो ना, तो या अंधाराच्या तासांतला. म्हणून पाणी दिवे बंद व्हायच्या सुमारास घालायचं नाही. दिवे लागले की घालायचं, म्हणजे ते उडून जायला उजेडाचे सगळे तास मिळतात.

आणि एक युक्ती. स्ट्रॉबेरीला बाहेर दिवस आहे की रात्र, काय कळतंय? दिवे संध्याकाळी सहाला लाव, सकाळी सहाला बंद कर. दिव्याची सगळी उष्णता रात्री पडते, तेव्हा एसीवरचा भार कमी असतो. आणि रोपांचा अंधार दिवसा येतो, तेव्हा बाहेरच्या उन्हामुळे खोली तापत राहते, एसी थांबत नाही, हवा कोरडी होत राहते. एक मात्र आहे, रात्रभर खिडकीतून जांभळा उजेड दिसला की वॉचमन अण्णा चौकशी करणार. पडदा जाड लाव आणि पहिलं फळ त्यांना दे.

तू विचारलंस त्या सिलिका जेलच्या पिशव्यांबद्दल. नको. तुझी डझनभर रोपं दिवसाला दोनेक लिटर पाणी पितात आणि जवळजवळ सगळंच पानांतून हवेत सोडतात. तुझी खोली 10 बाय 12, उंची दहा फूट धर. 24 अंशांना त्या अख्ख्या खोलीच्या हवेत मिळून जेमतेम पाऊण लिटर बाष्प मावतं. म्हणजे काढलं नाही तर खोली दिवसातून दोनदा-तीनदा तुडुंब भरेल एवढं पाणी. सिलिका जेल आपल्या वजनाच्या फार तर एक तृतीयांश पाणी शोषतं. रोज सहा किलो वाळवत बसणार आहेस का? पिशव्या कपाटातल्या पैठणीला ठेव.

हे पाणी एसीच काढू शकतो, किंवा डीह्युमिडिफायर. एसी एक टनाचा पुरे. मोठा घेतलास तर तो खोली झटकन थंड करून थांबतो आणि पाणी काढायला वेळच मिळत नाही. कॉम्प्रेसरबरोबर एसीचा पंखाही थांबेल असं सेटिंग ठेव, नाहीतर कॉम्प्रेसर थांबल्यावर आतल्या ओल्या कॉइलवरून हवा वाहत राहते आणि काढलेलं पाणी परत खोलीत. डीह्युमिडिफायर घेतलास तर तंबूत ठेवू नकोस, खोलीत ठेव. तो गरम हवा सोडतो, आणि अंधाराच्या वेळी तीच कामाची, कारण तिच्यामुळे एसी परत चालू होतो. तंबूची झडप खोलीत उघडी राहू दे. कोरडी करायची ती खोली. तंबू नुसता उजेड कोंडण्यापुरता.

आता हे कर आणि मला कळव. एसीची पाण्याची नळी एका बादलीत सोड, आणि रोज किती भरतं ते मोज. तू दोन लिटर घातलंस आणि बादलीत साधारण तेवढंच आलं, तर ठीक चाललंय. बादलीत आठ लिटर येत असेल तर खोलीत बाहेरची हवा घुसतेय. दाराखालची फट, बाथरूमचा झरोका, खिडकीच्या सरकत्या काचांमधली जागा बघ आणि फोमची पट्टी लाव. घाबरू नकोस, कितीही बुजवलंस तरी रोपांना लागते तेवढी ताजी हवा फटींतून येतेच. बादलीत लिटरसुद्धा नसेल आणि मीटर 80 दाखवत असेल, तर एसी थंड करतोय पण कोरडं करत नाही. मेकॅनिकला बोलाव आणि ‘कूलिंग व्यवस्थित आहे मॅडम’ ऐकून त्याला सोडू नकोस, बादली दाखव. आणि त्या पाण्याने फरशी पुसायची नाही. काढलं कशाला मग?

तेवढ्याचसाठी त्या खोलीत कपडे वाळत घालणं आजपासून बंद. नोव्हेंबरात तुमच्याकडे सगळेच घरात दोऱ्या बांधतात, मला माहीत आहे. मशीनमधून पिळून निघालेल्या एका घाण्यातसुद्धा अडीच-तीन लिटर पाणी उरलेलं असतं, तुझ्या सगळ्या रोपांपेक्षा जास्त. सासूबाईंना सांगायला अवघड वाटत असेल तर माझं नाव घे. इडलीचं भांडं उतरवताना स्वयंपाकघराचा पंखा लाव, मधलं दार लावून घे. कुंड्यांखालच्या ताटल्यांत साठलेलं पाणी ओतून टाक. आणि कोकोपीट उघडं ठेवू नकोस. आपल्याकडे शेतकरी बेडवर मल्चिंगचा कागद अंथरतात तो काही शोभेला नव्हे. कुंडीच्या मापाचं प्लॅस्टिक कापून खोडाभोवती बसव, फळही मातीला टेकणार नाही.

अंधार संपल्यावर पानांच्या दातऱ्यांवर ओळीने थेंब दिसले तर मात्र लगेच घाबरून हवा आणखी कोरडी करू नकोस. ते दव नव्हे. अंधारात मुळांच्या दाबाने पान स्वतःच ते बाहेर टाकतं, आणि त्याच पाण्याबरोबर कोवळ्या पानांच्या टोकांना कॅल्शियम पोचतं. अंधारातही 50 टक्क्यांवर आणून ठेवलंस तर हा दाब बनत नाही, मग नव्या पानांची टोकं करपतात. अंधारात 70 ते 75 पुरे. थेंब पानाच्या कडेला असले तर चालतील, पाकळीवर दिसले तर नाही.

एवढं सगळं सांगून झाल्यावर आता मनातलं सांगते. करता येतं, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे करणं मला पटत नाही. एसी रात्रंदिवस चालणार. वीजबोर्डाचं बिल दोन महिन्यांनी येतं, पहिली काही युनिटं फुकट असतात, त्याचं कौतुक आठवडाभरच टिकेल. आणि बिलाचंही सोड, वीज गेली तर? 2023च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळ आलं तेव्हा वेळचेरीसारख्या भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. बंद तंबू, भिजलेलं कोकोपीट, बंद एसी, आणि आत उमललेली फुलं. बुरशीला याहून काय हवं? तशी वेळ आली तर तंबूची सगळी झिप उघड, पाणी बंद कर, उमललेली फुलं सरळ काढून टाक आणि इन्व्हर्टरवर तो छोटा पंखा ठेव. रोप वाचलं तर फूल परत येतं.

त्यापेक्षा शहाणपणाचं हे, की पहिली फुलं येऊ दे आणि देठापासून खुडून टाक. जीव तुटेल, पण खुड. रोप कोवळं असताना शेतकरीही पहिली फुलं काढतात, म्हणजे ताकद मुळांत आणि फुटव्यांत जाते. पावसाचे दोन-अडीच महिने नुसती पानं वाढव. पानांना 75 टक्के दमटपणाही चालतो, तेवढ्यासाठी एसीला रात्रभर राबवावं लागत नाही. पोंगलच्या सुमारास ईशान्य मोसमी पाऊस परततो, चेन्नईतली त्यातल्या त्यात थंड आणि कोरडी हवा जानेवारी-फेब्रुवारीतच मिळते. तेव्हा 62 टक्के राखायला निम्मे कष्ट पुरतील. फुलापासून लाल फळापर्यंत साधारण महिना लागतो, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यावर तुझ्या हातात पहिली स्ट्रॉबेरी, आणि मार्चअखेरपर्यंत चालेल. एप्रिलमध्ये आवर. मे महिन्यातल्या अग्निनक्षत्राच्या उन्हात तिथे स्ट्रॉबेरी जगवण्याचा हट्ट माझ्या धाकट्या बहिणीनेही करू नये.

तर उद्या सकाळी ब्रश नको, कात्री घे. पोंगलनंतर जे पहिलं फूल येईल ते ठेव आणि त्या दिवशी मला व्हिडिओ कॉल कर, ब्रश कसा गोल फिरवायचा ते दाखवते.