अहरोन व्हा, पण काठी मोशेच्याच हाती राहू द्या

अभ्यासपाठ
वाचनासाठी शास्त्रभाग : निर्गम ४:१०–१७, प्रेषितांची कृत्ये ३:१–८



आदिवासी भागातील वसतिगृहांतून दरवर्षी काही दिव्यांग मुले-मुली शिकून बाहेर पडतात. कोणाची बारावी झालेली असते, कोणाचे आयटीआय. आपण आभारप्रार्थना करतो, पेढे वाटतो. पण पुढे काय? नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव, अक्कलकुवा भागात पावसाळा सरला की कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत निघतात. दिव्यांग मुलाला तिथे नेऊन उपयोग नाही, असे घरचे ठरवतात. मग शिकलेला तो मुलगा म्हाताऱ्या आजीसोबत पाड्यावर शेळ्या राखत बसतो. त्याला नोकरीची जाहिरात दाखवणारे भेटतात. पण कामावरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्याच्या शेजारी उभे राहणारे कोणी भेटत नाही. म्हणून या तिमाहीत आपण ‘कामावरचा सोबती’ या विषयाचा अभ्यास करू. शहरात त्याला मेंटॉर म्हणतात.

१. देवाने मोशेला माणूस दिला

मोशेने आपल्या बोलण्यातील अडचण देवापुढे मांडली. देवाने त्याला कामातून मोकळे केले नाही. त्याची जीभ तिथेच मोकळी झाली, असेही लिहिलेले नाही. देवाने त्याला एक माणूस दिला. यात तीन गोष्टी पाहा. अहरोन स्वतः भेटीला निघाला होता आणि त्या भेटीने त्याला आनंद होणार होता. मोशे त्याला ओझे वाटला नाही. दुसरे, काय बोलायचे ते मोशेने सांगायचे होते. अहरोनाने त्याची जागा घ्यायची नव्हती. तिसरे, काठी मोशेच्याच हाती राहिली. पुढे अनुवादाच्या पुस्तकात हाच मोशे सर्व इस्राएलासमोर दीर्घ भाषणे करताना दिसतो. चांगल्या सोबतीने माणूस असा वाढतो.

२. दाराबाहेर ठेवणारी दया

मंदिराच्या सुंदर दरवाजापाशी बसणाऱ्या पांगळ्या मनुष्याला लोक रोज उचलून आणत. ते निर्दय नव्हते. रोज एवढे कष्ट कोण घेतो? पण त्या सेवेने तो दाराबाहेरच राहिला. पेत्राने उजवा हात धरून त्याला उठवले आणि तो त्यांच्याबरोबर आत गेला.

नाताळात आपण घोंगड्या, कुबड्या, तीनचाकी सायकली देतो. ते देणे थांबवू नये. पण ते देऊन आपण त्याला कुठे नेतो, हा प्रश्न स्वतःला विचारावा. बरे करणे प्रभूच्या हाती आहे आणि कोणाला स्वीकारण्यासाठी त्याने बरे व्हावे, अशी अट आपण घालू नये. हात धरून दुकानाच्या, कार्यालयाच्या आत नेणे मात्र आपल्या हाती आहे.

३. कायदा कुठवर पोहोचतो

१९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ते २१ झाले. त्यात आपल्या आदिवासी भागाला जवळून माहीत असलेला सिकलसेल आजारही आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल, तर शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांमध्ये ५ टक्के जागा राखीव आहेत आणि शासकीय नोकऱ्यांमध्ये ४ टक्के. मात्र नोकरीतील या आरक्षणात सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया यांचा समावेश नाही. म्हणजे या मुलांना बहुतेक खासगी दुकान, गॅरेज, दवाखाना येथेच काम शोधावे लागते. तिथे कायद्याचे कागद कमी आणि माणसाची सोबत जास्त उपयोगी पडते.

४. सोबत्याने काय करावे

सोबती शक्यतो मालक नसावा. त्याच बाकावर काम करणारा, चार वर्षे जुना कामगार उत्तम. गॅरेजमध्ये उस्ताद असतो, शिवणकामात मास्तर असतात. आपल्याकडे उमेदवारीची रीत जुनीच आहे. तिलाच थोडी शिस्त लावायची आहे.

• पहिल्या दिवसाआधी विद्यार्थ्याला एकदा ती जागा दाखवावी : एसटी कुठे थांबते, पायऱ्या किती, संडास कुठे, पाणी कुठे.
• काय अडचण येते आणि काय सोय हवी, हे त्यालाच विचारावे. सोबत आलेल्या मामाला विचारू नये.
• एका वेळी एकच पायरी सांगावी आणि करून दाखवावी. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला दुकानी मराठी लगेच कळत नाही. कर्णबधिर मुलीशी समोर चेहरा ठेवून बोलावे, चित्र काढून द्यावे.
• काम चुकले तर सांगावे. दयेपोटी चूक झाकली, तर तो कधीच कारागीर होणार नाही.
• रजा कशी मागावी, पगार बँकेत कसा पाहावा, कोणी टिंगल केली तर कोणाला सांगावे, हेही शिकवावे. हे कोणत्याच पुस्तकात नसते.
• आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, चहा घेत बोलावे : काय जमले? कुठे अडले?
• मुलीसाठी शक्यतो स्त्री सोबती असावी, आणि भेटीची माहिती वसतिगृहाला असावी.
• तीन-चार महिन्यांनी हळूहळू मागे सरावे.

५. एक अनुभव

सिकलसेल असलेला आमचा एक मुलगा शहाद्यात एका दुरुस्तीच्या दुकानात लागला. महिन्यातून दोन-तीनदा तो मध्येच बसून राही. मालकाला तो कामचुकार वाटला. दुकानातील जुन्या कारागिराने त्याला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा हातापायांतील कळा समजल्या. मुलाची परवानगी घेऊन कारागिराने मालकाशी बोलणे केले. उन्हातली ओझी बंद झाली, जवळ पाण्याची बाटली आली, थंडीत स्वेटर घालून बसायची मुभा मिळाली. कळ वाढली तर थेट रुग्णालय, हे ठरले. हा आजार संसर्गाने पसरत नाही, हेही सर्वांना कळले. कारागिराचा यात एक रुपयाही खर्च झाला नाही. तो मुलगा आज सुटे भाग स्वतः मागवतो आणि गिऱ्हाइकाशी हिशेब करतो.

आपल्या मंडळीत शिंपी आहेत, परिचारिका आहेत, दुकानदार, कारकून, शिक्षक आहेत. वर्षाला एका विद्यार्थ्याचा हात धरणे आपल्यापैकी अनेकांना शक्य आहे. आपल्या पाळकसाहेबांकडे किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे आपले नाव व काम कळवा.

चर्चेसाठी प्रश्न

१. मोशेची अडचण ऐकून देवाने दुसरा पुढारी का निवडला नाही?
२. आपली कोणती मदत माणसाला दारापाशीच ठेवते?
३. आपल्या कामाच्या जागी दिव्यांग विद्यार्थी आला, तर पहिली अडचण कोणती येईल? ती कोण दूर करू शकेल?

प्रार्थनेचे विषय

• शिक्षण संपवून घरी बसलेल्या दिव्यांग तरुण-तरुणींसाठी.
• त्यांना काम देणाऱ्या मालकांच्या मनासाठी.
• अहरोनासारखे आनंदाने भेटीला निघणारे सोबती आपल्या मंडळीतून उभे राहावेत म्हणून.