घातांकाचा अंदाज: परीक्षेत कामाचा, कर्ज घेताना त्याहून कामाचा



बँक भरतीच्या परीक्षांमध्ये 'अंदाजे उत्तर काढा' असे प्रश्न असतात. एमबीएसाठी जीमॅट देणाऱ्यांना गणिताच्या विभागात कॅल्क्युलेटर मिळतच नाही. "सर, आम्हाला धंदा करायचाय, परीक्षा कुठे द्यायचीय?" असं तुम्ही म्हणाल. पण कोणी समोर बसून "फक्त तीन टक्के महिना" म्हणतो, ती परीक्षाच असते. तिथे चुकलं तर मार्क नाही, दुकान जातं.

आधी उजळणी. २ × २ × २ म्हणजे २ चा तिसरा घात. इथे २ हा पाया आणि ३ हा घातांक. घातांक मोठा असला की पूर्ण गुणाकार करत बसायचं नाही. तीन युक्त्या वापरायच्या.

युक्ती १: ओळखीच्या संख्येवर या

२ चा दहावा घात १०२४. आपण धरू १०००. आता प्रश्न बघा: २ चा ३० वा घात किती? पर्याय: ३ कोटी, १० कोटी, १०७ कोटी, १०७० कोटी.

३० म्हणजे दहाचे तीन गट. १००० × १००० × १००० = १०० कोटी. आपण दर वेळी थोडं कमी धरलं, म्हणजे खरं उत्तर १०० कोटींच्या थोडं वर. पर्याय तिसरा. अर्ध्या मिनिटात काम झालं.

युक्ती २: घातांकाचे छोटे गट करा

आता ते 'तीन टक्के महिना' घेऊ. १ लाख रुपये घेतले, व्याज भरायला जमलं नाही आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिळवलं जातंय. म्हणजे रक्कम दर महिन्याला १.०३ पट होते. वर्षाला किती? १.०३ चा बारावा घात.

बहुतेक जण १२ × ३ = ३६ टक्के म्हणतात. व्याज दर महिन्याला वेळेवर भरलं, तर हे बरोबर. थकलं तर व्याजावर व्याज लागतं. बारा महिन्यांचे चार-चार महिन्यांचे तीन गट करू. १.०३ चा वर्ग साधारण १.०६, त्याचा पुन्हा वर्ग साधारण १.१२५. म्हणजे चार महिन्यांत रक्कम एक अष्टमांशाने वाढते.

- चार महिन्यांनी: १,१२,५००
- आठ महिन्यांनी: साधारण १,२६,५००
- बारा महिन्यांनी: साधारण १,४२,०००

कॅल्क्युलेटरवर १,४२,५७६ येतात. आपला अंदाज सहाशे रुपयांच्या आत आहे.

अजून झटपट हवं असेल तर ७२ ला टक्क्यांनी भागा. ७२ ÷ ३ = २४. म्हणजे साधारण २४ महिन्यांत कर्ज दुप्पट. चार वर्षांत चौपट. आता स्वतःला विचारा: माझ्या मसाल्याच्या धंद्यात गुंतवलेल्या १०० रुपयांवर सगळा खर्च जाऊन वर्षाला ४२ रुपये उरतात का? नसतील उरत, तर तुम्ही धंदा त्या कर्ज देणाऱ्यासाठी करताय.

युक्ती ३: अंदाज कुठल्या बाजूला चुकतोय ते बघा

ही सर्वात महत्त्वाची, आणि बहुतेक जण हीच विसरतात. साखळी योजनेचं उदाहरण घ्या. "तुम्ही फक्त सहा जण जोडा, ते सहा-सहा जोडतील." बाराव्या पायरीवर किती माणसं लागतील? ६ चा बारावा घात.

६ चा तिसरा घात २१६, धरू २००. सहावा घात म्हणजे २०० × २०० = ४०,०००. बारावा घात म्हणजे ४०,००० × ४०,००० = १६० कोटी.

आता थांबा. आपण २१६ चे २०० केले, म्हणजे मुद्दाम कमी धरलं. खरं उत्तर १६० कोटींपेक्षा जास्तच असणार (ते २१७ कोटींच्या पुढे आहे). कमी धरूनही आकडा भारताच्या लोकसंख्येच्या वर गेला! मग अचूक उत्तराची गरजच नाही. ही साखळी तुटणार, आणि शेवटी आलेल्यांचे पैसे बुडणार. थेट विक्रीच्या २०२१ च्या केंद्रीय नियमांत अशा पिरॅमिड योजनांना बंदी आहे, पण सही करण्याआधी तुम्हाला वाचवेल ते तुमचं गणितच.

म्हणून नियम लक्षात ठेवा. देणं किंवा खर्च मोजताना आकडा वरच्या बाजूला धरा. कमाई किंवा परतावा मोजताना खालच्या बाजूला धरा. परीक्षेत मात्र आधी बाजू ओळखा, मग पर्याय कापा.

घरचा अभ्यास

१. ३ चा दहावा घात अंदाजे किती? (सूचना: ३ चा चौथा घात ८१, धरा ८०.)
२. कोणी "महिना १० टक्के परतावा" म्हणतोय आणि परतावा पुन्हा त्यातच गुंतवायला सांगतोय. १ लाखाचे ३ वर्षांत किती व्हायला हवेत?

उत्तरं: पहिल्याचं ८० × ८० × ९ = ५७,६००; खरं ५९,०४९. दुसऱ्यात ७२ ÷ १० म्हणजे साधारण ७ महिन्यांत दुप्पट. ३६ महिन्यांत पाच वेळा दुप्पट, म्हणजे ३२ पट. खरं उत्तर ३१ पटीच्या जवळ. १ लाखाचे ३१ लाख! एवढं कमावून देणारा धंदा ज्याच्याकडे आहे, त्याला तुमचे १ लाख कशाला हवेत? हा प्रश्न त्याला तोंडावर विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.