ताबोचा गोम्पा : उंचीची चढण आणि भिंतींवरील कथा

हिमाचल प्रदेशाच्या लाहौल-स्पिती जिल्ह्यात, स्पिती नदीच्या डाव्या तीरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२८० मीटर उंचीवर ताबो हे खेडे वसलेले आहे. तेथील गोम्पा, म्हणजे भिक्खूंच्या निवासाचा व उपासनेचा मठ, इ. स. ९९६ मध्ये स्थापन झाला आणि एक हजाराहून अधिक वर्षांनंतरही तो वापरात आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. ताबोची शेते आणि सफरचंदाच्या बागा त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहेत आणि तेथील हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या साधारण दोन-तृतीयांश एवढाच असतो. सह्याद्रीत अनेक वर्षे भटकून पायांना आलेली ताकद या विरळ हवेत फारशी कामी येत नाही, कारण तेथे स्नायूंपेक्षा श्वसनाला आणि रक्ताभिसरणाला जुळवून घ्यावे लागते व त्यासाठी दिवस द्यावे लागतात. ताबोच्या सहलीची आखणी म्हणूनच अंतरांवरून न करता मुक्कामांच्या उंचीवरून करावी आणि मठ पाहण्यासाठी किमान एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा.

पश्चिम तिबेटातील गुगे-पुरांग राज्याचा राजा येशे-ओद याने हा मठ स्थापन केला. बौद्ध धर्माच्या पुनरुज्जीवनासाठी त्याने हाती घेतलेल्या कार्याशी रिंचेन झांगपो (९५८–१०५५) यांचे नाव जोडलेले आहे. त्यांना ‘लोत्सावा’ म्हणत. संस्कृत ग्रंथ तिबेटी भाषेत आणणाऱ्या अनुवादक पंडितांची ही पदवी होती, आणि रिंचेन झांगपो यांनी त्यासाठी काश्मीरात जाऊन अध्ययन केले होते. मुख्य मंदिरातील एका शिलालेखसदृश रंगीत लेखात मठाच्या स्थापनेनंतर ४६ वर्षांनी, म्हणजे १०४२ मध्ये, त्याच राजघराण्यातील जांगचुब-ओद याने जीर्णोद्धार केल्याची नोंद आहे. आज तेथे दिसणारी उत्तम चित्रे व मूर्ती मुख्यतः या जीर्णोद्धाराच्या काळातील आहेत.

पर्यटनाच्या जाहिरातींत ताबोला ‘हिमालयातील अजिंठा’ म्हटले जाते. मराठी प्रवाशाला ही उपमा जवळची वाटली, तरी तिच्यामुळे अपेक्षा चुकीच्या दिशेने जातात. दोन्ही ठिकाणी मातीच्या गिलाव्याच्या कोरड्या पृष्ठभागावर रंगकाम झाले आहे आणि दोन्ही ठिकाणी बुद्धचरित्र रंगवले आहे, हे साम्य खरे. परंतु अजिंठ्याची लेणी अखंड कातळात खोदलेली आहेत, तर ताबोची मंदिरे कच्च्या विटा, माती आणि लाकूड यांनी बांधलेली आहेत. अजिंठ्याची चित्रे ताबोहून कित्येक शतके जुनी आहेत आणि ताबोच्या चित्रकारांची परंपरा काश्मीरची आहे. सर्वांत महत्त्वाचा फरक असा की अजिंठा दीर्घकाळ ओस पडला होता, तर ताबोत प्रार्थना होत राहिल्या. तेथे जाणारा माणूस चालत्या देवळात जात असतो आणि त्याने त्याच भानाने वागावे, ही अपेक्षा रास्त आहे.

ताबोला पोहोचण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांपैकी जाण्यासाठी शिमल्याचा मार्ग निःसंशय अधिक योग्य आहे. मनालीहून निघणारा मार्ग अटल बोगद्यातून, पुढे ग्रांफू व बाताल या ठिकाणांवरून सुमारे ४,५५० मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडून काझा या स्पितीच्या मुख्य गावी येतो. अंतर कमी असल्याने तो मोह पाडतो. पण सुमारे २,००० मीटरांवर झोपलेला माणूस त्याच दिवशी साडेचार हजार मीटरांची खिंड ओलांडून काझाला, म्हणजे ३,६०० मीटरांहून अधिक उंचीवर, मुक्कामाला येतो आणि त्या रात्री डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश यांनी हैराण होण्याची शक्यता पुष्कळ असते. याउलट शिमल्याहून सतलजच्या खोऱ्यातून रामपूर, रेकाँग पिओ व कल्पा असे टप्पे घेतल्यास उंची हळूहळू वाढते. कल्पा सुमारे २,९६० मीटरांवर आहे. तेथे दोन रात्री काढाव्यात, दिवसा सफरचंदाच्या बागांतून फिरावे आणि समोरच्या किन्नर कैलासाचे दर्शन घ्यावे.

कल्पाहून ताबोपर्यंतचा दिवस या प्रवासातील सर्वांत मोठा आहे. अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास असले, तरी घाटरस्त्यामुळे आणि वाटेत पाहण्यासारखे बरेच असल्यामुळे तो दिवसभर पुरतो, आणि म्हणून पहाटे निघणे श्रेयस्कर ठरते. खाब येथे स्पिती नदी सतलजला मिळते. तेथून रस्ता वळणे घेत नाको गावाकडे चढतो. सुमारे ३,६०० मीटरांवरील या गावात एक लहान तळे आणि जुनी बौद्ध मंदिरे आहेत. दुपारी नाकोत दोन-तीन तास थांबून संध्याकाळी ताबोला उतरल्यास दिवसा जास्त उंचीवर वावरणे आणि रात्री कमी उंचीवर झोपणे हा गिर्यारोहकांचा जुना नियम आपोआप पाळला जातो, आणि कल्पाच्या तुलनेत मुक्कामाची उंची जेमतेम तीनशे मीटरांनी वाढते. मुक्कामाची उंची ३,००० मीटरांवर गेल्यानंतर ती एका रात्रीत ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, ही सर्वमान्य शिफारस या मार्गाने सहज पाळता येते. खाजगी वाहन नसल्यास रेकाँग पिओहून काझाला जाणारी हिमाचल परिवहनाची बस ताबोला थांबते. मात्र ती सकाळी लवकर सुटत असल्याने आदल्या रात्री पिओतच राहावे लागते आणि नाकोला मुक्त वेळ मिळत नाही.

ऋतूच्या बाबतीत मराठी भटक्यांची सवय उलटी ठेवावी लागते. सह्याद्रीत पावसाळा हा भटकंतीचा हंगाम मानला जातो. स्पिती स्वतः पर्जन्यछायेत असल्यामुळे तेथे जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस कमी पडतो हे खरे, परंतु तेथवर नेणारा किन्नौरमधील रस्ता याच काळात दरडींमुळे वारंवार बंद पडतो आणि नाकोजवळचा मालिंग नाला त्यासाठी विशेष कुप्रसिद्ध आहे. जून महिना आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. सप्टेंबर-ऑक्टोबरात हवा स्वच्छ असते आणि ताबोच्या बागांत सफरचंदे पिकलेली असतात. रात्री मात्र कडाक्याच्या असतात. हिवाळ्यात शिमल्याकडील रस्ता बर्फवृष्टीचे दिवस सोडल्यास बहुधा चालू राहतो, पण तापमान शून्याखाली पुष्कळ उतरते, नळ गोठतात आणि बहुतेक निवासस्थाने बंद असतात, त्यामुळे पहिल्या भेटीसाठी तो काळ टाळावा.

मठाचा परिसर मातीच्या तटाने वेढलेला असून आत नऊ मंदिरे आणि अनेक चोर्तेन आहेत. चोर्तेन म्हणजे तिबेटी पद्धतीचा स्तूप. बाहेरून पाहता ही मंदिरे मातीच्या बैठ्या, बिनखिडक्यांच्या कोठारांसारखी दिसतात आणि घाईत आलेल्या प्रवाशाची तेथे निराशा होते. जे पाहायचे ते आत, अंधारात आहे. मुख्य मंदिराला त्सुगलाखांग म्हणतात. त्याचे दार पूर्वेला आहे. प्रवेशदालन, त्यापुढे दुखांग म्हणजे सभागृह आणि पश्चिमेच्या टोकाला प्रदक्षिणामार्गासह गाभारा अशी त्याची रचना आहे. उन्हातून आत आल्यावर पहिली दहा मिनिटे जवळजवळ काहीच दिसत नाही. या वेळी विजेरी पेटवण्याची घाई न करता एका बाजूला शांत बसावे. छतातील झरोक्यातून येणाऱ्या प्रकाशाला डोळे सरावले की भिंतींवरून पुढे आलेल्या मूर्ती एकेक करून दिसू लागतात.

या मूर्ती मातीच्या, रंगवलेल्या आणि जवळपास मानवी आकाराच्या असून त्या जमिनीपासून उंच, भिंतींना जोडून बसवल्या आहेत. त्यांची संख्या बत्तीस आहे आणि सभागृहात मागील बाजूस असलेली चतुर्मुख वैरोचनाची मूर्ती त्या सर्वांचे केंद्र आहे. वैरोचन हा वज्रयानातील पाच ध्यानी बुद्धांपैकी मध्यवर्ती बुद्ध, आणि त्याच्याभोवती देवतांची ठरावीक क्रमाने केलेली मांडणी म्हणजे वज्रधातु-मंडल. मंडल एरवी कापडावर किंवा रंगीत वाळूने सपाट रेखले जाते. येथे संपूर्ण सभागृहच मंडल आहे आणि आत शिरलेला माणूस त्याच्या आत उभा असतो. ही गोष्ट ध्यानात न घेता एकेका मूर्तीपुढे थांबत गेल्यास सुटी शिल्पे पाहिल्याचे समाधान मिळेल, पण मंदिर पाहिल्याचे मिळणार नाही.

मूर्तींच्या खालच्या पट्ट्यात कथाचित्रे आहेत. बौद्ध परंपरेत प्रदक्षिणा नेहमी पूजनीय वस्तू उजव्या हाताला ठेवून घालतात, म्हणून आत येणाऱ्याने डावीकडून निघावे. ही केवळ शिष्टाचाराची बाब नसून चित्रांचा क्रमही तसाच लावलेला आहे. डावीकडील, म्हणजे दक्षिणेच्या अर्ध्या भागात सुधनाची यात्रा रंगवली आहे. ‘गंडव्यूह’ या महायान सूत्राचा नायक असलेला हा श्रेष्ठीपुत्र ज्ञानाच्या शोधात पन्नासहून अधिक गुरूंकडे जातो आणि त्या गुरूंमध्ये भिक्खूंबरोबरच राजे, व्यापारी, स्त्रिया, एक नावाडी आणि देवताही आहेत. गाभाऱ्याची प्रदक्षिणा करून परतताना उत्तरेच्या अर्ध्या भागात गौतम बुद्धाचे चरित्र पुढे येते. अशा रीतीने साधकाचा प्रवास आधी आणि बुद्धाचे जीवन नंतर, असा क्रम चालणाऱ्याच्या पावलांनीच उलगडतो. उलट दिशेने फिरणाऱ्याला तो शेवटाकडून सुरुवातीकडे दिसतो. वस्त्रांवरील नक्षी, इमारतींचे सज्जे, घोडे आणि प्रवासी यांचे तपशील इतके बारीक आहेत की पहिल्या फेरीत ते निसटतात. दुपारी एक फेरी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्वेच्या दारातून थोडा अधिक उजेड येत असताना, दुसरी फेरी घेणे सर्वांत उत्तम.

उरलेल्या मंदिरांपैकी सेरखांग (सुवर्णमंदिर) आणि मैत्रेय म्हणजे भावी बुद्धाचे मंदिर ही दोन अवश्य पाहावीत. बाकीची बहुधा कुलूपबंद असतात आणि किल्ली सांभाळणाऱ्या भिक्खूला सवड असेल तरच उघडली जातात. त्यासाठी हट्ट धरू नये.

जुन्या मंदिरांच्या आत छायाचित्रणास मनाई आहे. ही बंदी काटेकोरपणे पाळावी, आणि तिच्याइतकीच महत्त्वाची अशी आणखी काही पथ्ये स्वतःहून पाळावीत. पाठीवरची सॅक बाहेर ठेवावी, कारण अरुंद प्रदक्षिणामार्गात वळताना ती गिलाव्याला घासते आणि हजार वर्षांचा रंग भुकटी होऊन खाली पडतो. भिंतीला हात लावू नये, टेकून उभे राहू नये. विजेरी वापरायची झाल्यास भिक्खूंची परवानगी घेऊन मंद प्रकाशाची वापरावी. दहा-बारा जणांचा गट असल्यास तीन-चार जणांनी पाळीपाळीने आत जावे, कारण गर्दीच्या श्वासातील ओलावा मातीच्या भिंतींना बाधतो. सह्याद्रीतील किल्ल्यांवर आणि लेण्यांत नावे कोरण्याच्या खोडीने झालेली हानी महाराष्ट्रातील प्रत्येक भटक्याने पाहिली आहे. कातळ ती हानी काही अंशी सोसतो, माती सोसत नाही. १९ जानेवारी १९७५ रोजी किन्नौरमध्ये झालेल्या तीव्र भूकंपात या मंदिरांचे नुकसान झाले, आणि भिक्खूसंघासाठी जुन्या वास्तूलगत नवे प्रार्थनागृह बांधले गेले. दलाई लामांनी १९८३ मध्ये आणि पुन्हा सहस्रवर्षाच्या निमित्ताने १९९६ मध्ये ताबोत कालचक्र दीक्षेचा सोहळा केला. नव्या प्रार्थनागृहातील पहाटेच्या पाठाला पाहुण्यांना बसू दिले जाते. पादत्राणे बाहेर काढून मागच्या बाजूला बसावे आणि पाठ संपेपर्यंत उठू नये.

गावाच्या वरच्या कड्यात भिक्खूंच्या ध्यानासाठी व हिवाळी निवासासाठी खोदलेल्या गुहा आहेत. चढ अर्ध्या तासाहून कमी असला, तरी माती भुसभुशीत असल्याने पक्क्या तळव्याचे बूट हवेत. खरी चढाई हवी असेल त्यांनी ताबोत दोन रात्री काढल्यानंतर काझाच्या वाटेवरील धनकरला जावे. सुमारे ३,८९० मीटरांवरील हे गाव पूर्वी स्पितीची राजधानी होते आणि तेथील जुना मठ झिजत चाललेल्या मातीच्या सुळक्यांवर उभा आहे. गावातून धनकर तळ्यापर्यंत तासाभराची खडी वाट असून तळे ४,१०० मीटरांच्या वर आहे. डोके दुखत असेल तर हा चढ त्या दिवशी सोडून द्यावा. तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, विश्रांती घेतानाही धाप लागणे किंवा फेसाळ खोकला ही प्राणघातक आजाराची लक्षणे असून अशा वेळी रात्र असली तरी रुग्णाला ताबडतोब खाली न्यावे आणि एकटे सोडू नये. अॅसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध घरून निघण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. सल्फा औषधांची अॅलर्जी असलेल्यांनी ती आधीच सांगावी. पहिल्या दोन दिवसांत मद्य वर्ज्य करावे आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त प्यावे.

मुक्काम मठाच्या अतिथिगृहात किंवा गावातील घरांत होतो. जेवणात भात-डाळीबरोबर थुक्पा, म्हणजे नूडल्स घातलेले गरम सूप, सर्वत्र मिळते. रोख रक्कम पिओतूनच घ्यावी, वाहनाचे इंधनही तेथे पूर्ण भरावे, कारण पुढचा भरवशाचा पंप काझाला आहे. भारतीय नागरिकांना ओळखपत्र पुरते. परदेशी पासपोर्टवर येणाऱ्या मराठी आप्तांना मात्र तिबेट सीमेलगतच्या या पट्ट्यासाठी इनर लाइन परवाना लागतो व तो रेकाँग पिओ येथे काढता येतो. परतीसाठी कुंझुम खिंडीचा मार्ग घेण्यास हरकत नाही, कारण तोवर शरीर उंचीला सरावलेले असते. परंतु ही खिंड साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून मे-जूनपर्यंत बर्फामुळे बंद राहते आणि हंगामातही अचानक बंद होते, म्हणून काझाला तिची चौकशी केल्याशिवाय निघू नये आणि आल्या वाटेने शिमल्याला परतता येईल एवढे दोन दिवस रेल्वेच्या आरक्षणापूर्वी राखून ठेवावेत.