कॉम्पॅक्ट एसयूव्ही: नवी की वापरलेली, हिशेब पाच वर्षांचा

शोरूममध्ये पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" आपणही दहा-बारा लाख सांगून मोकळे होतो आणि पुढची सगळी बोलणी त्या एका आकड्याभोवती फिरत राहतात. गाडीचा खरा खर्च मात्र ती विकली जाते त्या दिवशी कळतो. घेताना मोजलेले पैसे, कर्जाचं व्याज, विमा, इंधन, दुरुस्ती यांची बेरीज करायची आणि विकताना हातात आलेली रक्कम त्यातून वजा करायची. नवी घ्यावी की वापरलेली, याचं उत्तर या वजाबाकीत आहे. ती आधी कागदावर मांडा, टेस्ट ड्राइव्ह नंतर घ्या.

आपण बोलतोय ते चार मीटरच्या आतल्या गाड्यांबद्दल: नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, ब्रेझा, एक्सयूव्ही थ्रीएक्सओ, कायलॅक वगैरे. चार मीटर ही मर्यादा करातून आली आहे आणि आजही तीच किंमत ठरवते. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतली, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा 1500 सीसीपर्यंतच्या डिझेल इंजिनाची गाडी 18 टक्के जीएसटीत येते. त्याआधी सेससकट पेट्रोलला 29 आणि डिझेलला 31 टक्के पडत होते. म्हणजे पूर्वी दहा लाखांना मिळणारी पेट्रोल गाडी, मूळ किंमत तीच धरली तर, सव्वानऊ लाखांच्याही किंचित खाली आली. दोन्ही अटी एकत्र पाळाव्या लागतात, हे विसरू नका. ब्रेझाची लांबी चार मीटरच्या आत आहे, पण तिचं 1462 सीसीचं पेट्रोल इंजिन तिला 40 टक्क्यांच्या गटात नेतं.

या करकपातीचा सगळ्यात मोठा परिणाम जुन्या गाड्यांच्या भावावर व्हायला हवा होता. विकणारा मात्र अजून स्वतःचं 2022 चं बिल पुढे करतो. त्याला काय पडलं याच्याशी तुमचा संबंध नाही. तुलना करायची ती त्याच मॉडेलच्या आजच्या नव्या गाडीच्या ऑन-रोड किमतीशी.

ऑन-रोड म्हणजे नेमकं काय

एक्स-शोरूम किमतीवर महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के, दहा ते वीस लाखांना 12 टक्के आणि त्यावर 13 टक्के रस्ता कर आहे. डिझेलला हेच दर 13, 14 आणि 15 टक्के. कर सगळ्या रकमेवर लागतो, फक्त दहा लाखांच्या वरच्या भागावर नाही. 9 लाख 95 हजारांच्या पेट्रोल गाडीला 1,09,450 रुपये कर बसतो, 10 लाख 5 हजारांच्या गाडीला 1,20,600. सनरूफसाठी दहा हजार जास्त मोजले की आरटीओकडे आणखी अकरा हजार जातात. शिवाय दहा लाखांवरच्या गाडीवर 1 टक्का टीसीएस कापला जातो. तो प्राप्तिकर विवरणपत्र भरून परत मिळतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच.

त्यानंतर विमा. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. जून 2022 मध्ये ठरलेल्या दरांनुसार 1000 सीसीपर्यंत तो 6,521 रुपये आणि 1000 ते 1500 सीसीला 10,640 रुपये, वर जीएसटी. हा भाग सगळीकडे सारखाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात, आणि तो शोरूममधूनच घेण्याची सक्ती नाही. बाहेरून दोन कोटेशन आणा आणि त्यांच्यासमोर ठेवा, रक्कम बहुधा तिथल्या तिथे उतरते. अ‍ॅक्सेसरीजचं पॅकेज आणि "हँडलिंग चार्जेस" अशा ओळी कोटेशनमध्ये असतील तर त्या कशाबद्दल आहेत ते लेखी मागा. नुसतं लेखी मागितलं तरी अनेकदा ओळ गळते.

आता वजाबाकी

हिशेबासाठी गोल आकडे धरू. तुमच्या गावातले प्रत्यक्ष भाव घालून हाच हिशेब पुन्हा करा.

नवी पेट्रोल गाडी, एक्स-शोरूम साडेनऊ लाख, कर-विमा धरून ऑन-रोड अकरा लाख. पाच वर्षांनी ती सव्वापाच लाखांना गेली, तर तूट पावणेसहा लाख, म्हणजे महिन्याला साधारण 9,600 रुपये. तेच मॉडेल चार वर्षं जुनं, सहा लाखांना घेतलं. नाव बदलणं, विमा, टायर आणि पहिली मोठी सर्व्हिस यांना साठ हजार धरा. पाच वर्षांनी, म्हणजे गाडी नऊ वर्षांची झाल्यावर, पावणेतीन लाख आले तर तूट 3 लाख 85 हजार. वयामुळे दुरुस्तीला वर्षाला वीस हजार जास्त जातील, ते मिळवले की 4 लाख 85 हजार, महिन्याला साधारण 8,100. पाच वर्षांत फरक नव्वद हजारांचा.

यात व्याज घाला. नव्या गाडीसाठी आठ लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं तर हप्ता 16,600 च्या आसपास आणि व्याज एकूण 1 लाख 96 हजार. वापरलेल्या गाडीच्या कर्जाचा दर जास्त असतो. पाच लाख 13 टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे 13,400 आणि व्याज 1 लाख 44 हजार. आता फरक 1 लाख 42 हजारांवर गेला.

हा फरक चांगला आहे, पण तो सहज संपतो. विकणारा सहाऐवजी सात लाखांवर अडून बसला तर जेमतेम चाळीस हजार उरतात. एवढ्यासाठी कंपनीची वॉरंटी आणि माहीत असलेला इतिहास सोडू नये. माझा ठोकताळा असा: तीन-चार वर्षांची गाडी आजच्या ऑन-रोड किमतीच्या 55 टक्क्यांच्या आसपास मिळत असेल तर घ्यावी, 65 टक्क्यांच्या वर भाव असेल तर नवी बघावी. महिन्याला सात-आठशे किलोमीटर फिरणाऱ्या बहुतेक घरांना नीट निवडलेली वापरलेली पेट्रोल गाडी पुरते. मात्र एजन्सीचा हप्ता कमी दिसावा म्हणून नव्या गाडीचं कर्ज सात वर्षांवर नेऊ नका. त्याच आठ लाखांवर हप्ता 12,900 च्या खाली येतो खरा, पण व्याज 2 लाख 81 हजारांवर जातं, आणि पाच वर्षांनी गाडी विकायची वेळ येते तेव्हा दोन वर्षांचे हप्ते बाकीच असतात.

डिझेलचा मोह

डिझेल गाडी दहा लाखांच्या पेट्रोलपेक्षा 1 लाख 30 हजारांनी महाग धरली, तर 14 टक्के कर मिळून रस्त्यावर येईपर्यंत फरक 1 लाख 78 हजारांचा होतो. पेट्रोल 104 रुपये आणि तेराचं अ‍ॅव्हरेज, डिझेल 90 रुपये आणि सतराचं अ‍ॅव्हरेज धरा. किलोमीटरमागे 2 रुपये 70 पैसे वाचतात. म्हणजे जादा दिलेले पैसे वसूल व्हायला साधारण 66,000 किलोमीटर लागतात. महिन्याला आठशे चालवणाऱ्याला सात वर्षं. नाशिक-मुंबई किंवा पुणे-कोल्हापूर दर आठवड्याला करणाऱ्याने डिझेल जरूर घ्यावी.

शहरातल्या शहरात वापरणाऱ्याने घेऊ नये, याला आणखी एक कारण आहे. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जळायला गाडी तापून सलग काही वेळ वेगात चालावी लागते. शाळा, भाजी मंडई, ऑफिस अशा पाच-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत फिल्टर चोंदतो आणि काम महाग निघतं. वापरलेली बीएस-6 डिझेल घेताना ती कुठे चालली, हे किती चालली याइतकंच विचारा.

सीएनजीला रस्ता कर कमी आहे आणि रोज पंपावर थांबायची तयारी असेल तर पैसे नक्की वाचतात. पण वापरलेल्या गाडीत किट बाहेरून बसवलं असेल तर आरसीवर त्याची नोंद आणि टाकीच्या दर तीन वर्षांच्या हायड्रो चाचणीचा दाखला पाहिल्याशिवाय पुढे बोलू नका.

वापरलेली गाडी बघताना

सकाळी जा आणि मालकाला आधीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. थंड इंजिन खरं बोलतं. सुरू करताच येणारा निळसर धूर, खडखड, डॅशबोर्डवर न विझणारा दिवा, हे सगळं दहा मिनिटं तापवलेल्या गाडीत लपतं. बोनेटचे आणि दारांचे बोल्ट बघा. पाना लागून त्यांचा रंग उडाला असेल तर तो भाग कधीतरी उतरला आहे. दाराची रबर बीडिंग ओढून आतल्या पत्र्याचे स्पॉट वेल्डिंगचे ठिपके पाहा, कंपनीचे एकसारखे असतात, गॅरेजचे नसतात. बंपर किंवा फेंडर बदललेला असणं गैर नाही. पिलरला किंवा चॅसिसला हात लागलेली गाडी मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये, मागच्या सीटवर घरातली मुलं बसणार आहेत.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. 2321 म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. चाळीस हजार किलोमीटर चालल्याचं सांगितलेल्या 2020 च्या गाडीला चारही टायर 2022 चे असतील तर रनिंग मागे फिरवल्याचा संशय घ्यायलाच हवा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तारखेसकट किलोमीटरची नोंद असते, मालकाला सोबत घेऊन ती काढून आणा. मालक टाळाटाळ करू लागला तर दुसरी गाडी बघा.

आपल्याकडे पुराची गाडी हा वेगळाच धोका आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूर-सांगली आणि जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. एमएच-09, एमएच-10 किंवा एमएच-08 पासिंगची प्रत्येक गाडी वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही, आणि बुडालेली गाडी दुसऱ्या जिल्ह्यात नेऊनच विकली जाते. म्हणून नंबर काहीही असो, सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ किंवा कुबट वास असेल तर पाणी तिथवर चढलं होतं. सीटच्या खालच्या रुळांवरचा गंज, मॅटखालचा फोम आणि स्टेपनीच्या खड्ड्यातली माती बघा. कोकण किनाऱ्यावर राहिलेली गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहणं आवश्यक आहे.

ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या आणि त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या, म्हणजे तो तुमच्या बाजूने बघेल.

सुरक्षेत तडजोड नको. ड्रायव्हरची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून आणि शेजारच्या सीटची, आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांना, 31 डिसेंबर 2021 पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीचं बेस मॉडेल असेल तर नेमक्या किती एअरबॅग आहेत ते मोजा. नेक्सॉनला डिसेंबर 2018 मध्ये आणि एक्सयूव्ही 300 ला जानेवारी 2020 मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, म्हणून जुन्या बाजारात मी या दोन गाड्या आधी पाहीन. इकोस्पोर्ट चालवायला मजबूत आणि भावाने स्वस्त आहे, पण फोर्डने 2021 मध्ये इथलं उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतला. गावात तिचा जाणकार मेकॅनिक असेल तरच विचार करा. ड्युअल क्लच गिअरबॉक्सची, वॉरंटी संपलेली आणि मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये वाढलेली गाडी मी घेणार नाही.

कागद

टोकन देण्याआधी परिवहन पोर्टलवर नंबर टाका: कितवा मालक, बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत. ई-चलनं वेगळी तपासा, थकलेली चलनं व्यवहार झाल्यावर तुमच्या गळ्यात येतात. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी बसलेली असावी. चॅसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि नमुना 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलायला नमुने 29 आणि 30 लागतात. परराज्यातली गाडी असेल तर नमुना 28 ची एनओसी लागते आणि इथला रस्ता कर नव्याने भरावा लागतो. दिल्लीची डिझेल स्वस्त दिसते ती हा कर मिळवेपर्यंतच.

विम्याच्या कागदावर एक जागा आवर्जून बघा, नो क्लेम बोनसची. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्क्यांपर्यंत जातो. "एक ओरखडा नाही" म्हणणाऱ्या मालकाच्या चार वर्षांच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल तर क्लेम कशाचा होता ते विचारा. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तो तुमच्याकडे येत नाही. पॉलिसी मात्र चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावी लागते. तोवर अपघात झाला तर थर्ड पार्टीचं संरक्षण चालू राहतं, आपल्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे अडकू शकतात.

नव्या गाडीच्या बदल्यात जुनी देत असाल तर हेच कागद उलट्या बाजूने सांभाळा. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, गाडी विकून झाली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. एप्रिल 2023 पासून नोंदणीकृत डीलरकडे गाडी सोपवताना नमुना 29 सी ऑनलाइन भरता येतो आणि मग ती नाव बदलेपर्यंत डीलरच्या जबाबदारीवर राहते. त्याची पोच मिळाल्यावरच दुसरी किल्ली द्या.