हुकलेल्या पकडीनंतर

वाटूर, ता. परतूर

चि. सायली,

कबड्डीत पकड हुकली की पुढे बराच वेळ खेळात लक्ष लागत नाही, असं तू लिहिलंस. चूक विसर, असं मी सांगणार नाही. विसरायला गेलं की तीच जास्त आठवते. मला वाटतं, लक्ष चुकीपाशी अडकत नाही, ते जोडीदारणींच्या चेहऱ्यांकडे जातं. त्या काय म्हणत असतील याचा अंदाज बांधताना चढाई करणारीच्या पायांवरून तुझी नजर हटते. क्रिकेटमधलं एक उदाहरण घे. डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडच्या कसोटीत अजिंक्य रहाणे धावेसाठी निघाला आणि त्याने मध्येच विराट कोहलीला परत पाठवलं. 74 धावांवर जमलेला कर्णधार धावबाद झाला. थोड्याच वेळात रहाणेही 42 वर पायचीत झाला. दुसऱ्या डावात तर भारत 36 धावांत आटोपला. कोहली मायदेशी परतल्यावर मेलबर्नला नेतृत्व रहाणेकडेच आलं. त्याने 112 धावा काढल्या आणि आपण आठ गडी राखून जिंकलो. त्या शतकापेक्षाही त्या खेळीचा शेवट मला मोलाचा वाटतो. 49 वर असलेल्या रवींद्र जडेजाच्या एका धावेपायी रहाणे धावबाद झाला. मैदान सोडण्याआधी तो जडेजाकडे गेला, त्याला थोपटून धीर दिला. जोडीदार काय म्हणेल, हा प्रश्न जडेजापुरता तिथेच मिटला. त्याने अर्धशतक पूर्ण केलं आणि पुढेही खेळत राहिला.

तू म्हणशील, क्रिकेटमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये उसंत असते, कबड्डीत चढाईच तीस सेकंदांची. खरं आहे. म्हणून तर धीर देण्याची रीत आधीच ठरलेली हवी. तू बाद होऊन बाहेर बसतेस, तेव्हा समोरच्या संघातली कुणी बाद होऊन तू आत येईपर्यंतचा वेळ तुझाच असतो. तेवढ्यात समोरची कोणत्या पायावर भार देते, बोनसला कधी झेपावते, एवढंच बघ. आत येताच शेजारच्या कोपऱ्यातलीने तुला फक्त पुढच्या चढाईबद्दल सांगायचं. अशाने चुकांचे लाड होतील, असं तुमच्या सरांना वाटेल, आणि ती शंका रास्त आहे. चुकीची झाडाझडती व्हायलाच हवी, पण सरावात, पकड पुन्हा पुन्हा करून. सामना चालू असताना त्या चौकशीतून एकही गुण मिळत नाही. जालन्याला सामन्यांसाठी निघण्याआधी हे कर्णधाराशी बोल. आणि दुसरीची पकड हुकेल तेव्हा आधी तू तिच्याजवळ जा.

तुझा,
मामा